कॅसेटमध्ये नसलेला ‘जिना’

ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांचे गुडघे कामातून गेले होते. शिकणाऱ्यापेक्षा शिकवणाऱ्याचे पाय जास्त झिजतात, हे त्या धंद्यात पडल्याशिवाय कळत नाही. मास्तर बसायचे शेजारच्या सीटवर. तिथे त्यांच्या पायाशी एक जादा क्लच आणि एक जादा ब्रेक होता, आणि शिकणारा बावरला की गाडीचा सगळा भार त्या दोन पायांवर यायचा. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तेच ते. “हळू. क्लच सोडा. सोडा म्हटलं, फेकू नका. आरशात बघा. स्वतःला नाही, मागच्या गाडीला.” हा विनोद त्यांनी इतक्या वेळा केला होता की करताना चेहऱ्यावरची रेषही हलत नसे. शिकणारे हसायचे, आणि मास्तर पुढच्या सिग्नलकडे बघत राहायचे.

त्या दिवशी दुपारी औषधांच्या दुकानातल्या बाईंचा तास होता. बाई पन्नाशीला टेकलेल्या. आई शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली, तिकडे धड बस जात नाही, म्हणून या वयात गाडी शिकायला निघालेल्या. डॉक्टरांचं कसलंही किरटं अक्षर एका नजरेत लावणाऱ्या बाई, पण स्टिअरिंग हातात आलं की समोरची हातभर पाटी दिसेना.

“सर, रागावणार नसाल तर एक विचारू?”

“विचारा. पण समोर बघून विचारा.”

“गाणी लावली तर चालतील? शांत असलं की मला माझीच धडधड ऐकू येते आणि मग सगळंच चुकतं.”

शिकवताना गाडीत गाणी लावायची नाहीत, हा मास्तरांचा पहिल्या दिवसापासूनचा दंडक. तो समजावून सांगायला तोंड उघडावं लागलं असतं, आणि तेवढंही त्राण त्यांच्यात नव्हतं. त्यांनी नुसता हात हलवला. बाईंनी पर्समधून पेनड्राइव्ह काढून लावला आणि गाडी सुरू केली. तीन झटक्यांत, पण केली.

आधी नुसता गलका ऐकू आला. खुर्च्या सरकल्या, कुणीतरी खोकलं, कुणीतरी “अरे, बस ना खाली” म्हणालं, आणि मधूनच भांड्यावर चमचा आपटल्यासारखा किणकिणाट. मग एक ड्रम. अगदी सावकाश, एक ठोका पडला की दुसरा पडेल की नाही अशी शंका यावी इतका. बराच वेळ तेवढंच चाललं होतं. मग एका बाईचा आवाज आला, शब्द नव्हते, नुसती गुणगुण. हीसुद्धा मंडळी दिवसभर राबून आलेली दिसतात, असं मास्तरांच्या मनात आलं. त्यांना बरं वाटलं. गाण्यात उगाच उत्साह नव्हता. त्यांनी डोकं मागे टेकवलं.

मग त्या बाईने शब्द उचलले. पहिल्या मजल्यावर चप्पल तुटली, दुसऱ्या मजल्यावर श्वास.

मास्तरांचा पाय आपोआप ब्रेकवर पडला. गाडी भर रस्त्यात गचकन थांबली. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा नुसता कहर केला.

“काय झालं? मी काय केलं?” बाईंचा चेहरा पांढराफटक.

“काही नाही. तुमची चूक नाही, माझी होती.”

हे वाक्य त्या गाडीत आजवर कुणी ऐकलं नव्हतं. बाईंनाही ते खरं वाटलं नाही. त्यांनी गाडी कडेला घेतली, आणि खरं सांगायचं तर फार चांगली घेतली, पण त्याकडे मास्तरांचं लक्षच नव्हतं.

“हे कोण गातंय?” त्यांनी विचारलं. त्यांना माहीत होतं. तरी विचारलं.

“तुम्ही नाव ऐकलं नसेल. ‘लिफ्ट बंद’ म्हणून एक बँड होता. आमच्या कॉलेजच्या वेळचा.” बाई एकदम मोकळ्या झाल्या. “मी त्यांचे कार्यक्रम रेकॉर्ड करायचे, चोरून. डब्याच्या पिशवीत रेकॉर्डर लपवून न्यायचे. हा चमचा वाजतोय ना, तो माझाच. पिशवीतून काढायचा राहिला होता.”

“त्यांची कॅसेट होती ना एक?”

“होती की. पण ती ऐकू नका हो, अगदीच कोरडी आहे. इस्त्री केल्यासारखी. कॅसेट ऐकून वाटतं, बरी पोरं आहेत. आणि समोर ऐकलं की…” बाईंना शब्द सापडेना. “दोन कार्यक्रम कधी सारखे झाले नाहीत, सर. हे आता लागलंय ना, ‘जिना’, हे एकच गाणं माझ्याकडे कितीतरी वेळचं आहे, आणि प्रत्येक वेळी निराळं.”

‘जिना’ची चाल मास्तरांनीच बांधली होती. त्या कोरड्या कॅसेटवर बास गिटार वाजवणारा माणूस तेच होते.

आता थोडं मागे जायला हवं. चौघे होते. गाणारी चिमणी. हाडांचा सापळा, पण आवाज असा की खिडकीच्या काचा थरथरायच्या. ड्रमवर पिंप्या. तो तेव्हा पिंपासारखाच होता, आणि ड्रम घेण्याआधी खरोखर रिकाम्या पिंपावर हात साफ करत असे. एक अबोल गिटारवाला होता, तो पुढे परदेशी गेला. आणि चौथे आपले मास्तर, ज्यांना तेव्हा सगळे ‘काटा’ म्हणत, घड्याळाचा काटा. तालात केसाइतका फरक पडला तरी काटा हात वर करून सगळ्यांना थांबवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावायचा. सराव एका इमारतीत चौथ्या मजल्यावर चाले. खाली लिफ्टच्या दारावर ‘लिफ्ट बंद’ अशी पाटी कायमची लटकत असायची. धापा टाकत वर आलेला प्रत्येक जण पहिलं वाक्य तेच म्हणायचा, म्हणून बँडचं नावही तेच पडलं.

कॅसेट काटाने त्यांच्याकडून घासून घासून करून घेतली. एक चूक राहू दिली नाही. मग पहिला मोठा कार्यक्रम ठरला. भरल्या सभागृहात ‘जिना’ चालू असताना चिमणीने दुसऱ्या कडव्यावरून थेट चौथ्यावर उडी मारली. पिंप्या तिच्या मागोमाग गेला, गिटारवालाही गेला. काटा मात्र तिसरं कडवं वाजवत राहिला, कारण बरोबर तेच होतं. एका मंचावर एका वेळी दोन गाणी सुरू झाली. लोक हसले.

मंचामागच्या खोलीत काटाचा तोल गेला. “तुम्हाला वाजवायचंय की गोंधळ घालायचाय?”

“गोंधळ,” चिमणी म्हणाली, आणि फिसकन हसली.

ते हसणं त्याला लागलं. त्याने गिटार पेटीत ठेवली आणि तो निघाला तो निघालाच. पुढे लग्न झालं, नोकरी झाली, ती गेली, ड्रायव्हिंग स्कूल आलं. बँड त्याच्याविना काही वर्षं गावोगाव फिरत राहिला हे त्याच्या कानावर यायचं. कुणी विषय काढला की तो म्हणायचा, “पोरखेळ होता. वेळीच सुटलो.” इतक्या वर्षांत हे वाक्य त्याला स्वतःलाही खरं वाटायला लागलं होतं.

पुढच्या तासाला बाईंनी सगळी रेकॉर्डिंग मास्तरांना दुसऱ्या पेनड्राइव्हवर भरून दिली. मास्तरांनी मागितली नव्हती. पण इतक्या वर्षांत आपल्या ठेव्याची कुणी चौकशी केली याचाच बाईंना आनंद झाला होता.

रोज जेवणाच्या सुट्टीत मास्तर लायसन्सच्या परीक्षेच्या मैदानामागे झाडाखाली गाडी लावायचे. एरवी तिथे ते सीट मागे करून डोळे मिटून पडायचे. आता ऐकू लागले. सुरुवातीला त्यांनी ऐकलं ते चुका काढायला. चुका भरपूर होत्या. पिंप्या पळत होता, गिटार उतरली होती, चिमणी शब्द विसरत होती आणि विसरल्याचं लपवतही नव्हती. काटा असता तर हात वर करून दर ओळीला थांबवलं असतं. त्यांना समाधान वाटायचं. बघा, मी म्हणत नव्हतो?

पण हे समाधान फार टिकलं नाही.

एका रेकॉर्डिंगमध्ये चिमणीने ‘जिना’ उलटा गायला. चौथ्या मजल्यावरून सुरुवात करून एकेक मजला उतरत खाली. तेच शब्द, तीच चाल, आणि वर चढणाऱ्या माणसाचं गाणं घर सोडून जाणाऱ्या माणसाचं झालं. मास्तर ते ऐकून घास हातात तसाच धरून बसले. दुसऱ्या एकात ती मधेच थांबते आणि पहिल्या रांगेतल्या कुणाला तरी विचारते, “काका, तुम्ही काय काम करता?” तो दबक्या आवाजात सांगतो, वेल्डिंग. “मग तिसऱ्या मजल्याचा कठडा तुम्ही बसवलाय,” असं म्हणून ती तिसरं कडवं त्या कठड्यावर तिथल्या तिथे रचून गाते. यमक जुळत नाही, लोक ओरडतात, आणि पिंप्या असा सुटतो की ठिणग्या उडाल्यासारखं वाटतं.

आणि एक गोष्ट सगळीकडे होती. ‘जिना’त बासचे चार सूर उतरत येतात अशी एक जागा होती. काटाची जागा. त्याला स्वतःचा अभिमान वाटावा अशी आयुष्यातली बहुधा ती एकच गोष्ट. काटानंतर बासवर आलेला गुरांचा डॉक्टर होऊ घातलेला एक जण, ज्याला चिमणी ‘डॉक्टर’ म्हणायची, तो ती जागा आली की वाजवायचाच नाही. दरवेळी. सगळा बँड वाजत असायचा आणि नेमकं तिथे खाली काहीच नसायचं. कधी त्या पोकळीत चिमणीचा श्वास ऐकू यायचा, कधी लोकांचा गलका, एकदा फक्त तो चमचा.

माझं होतं तेवढं काढून टाकलं, मास्तरांना वाटलं. बरोबर तेवढंच. दुपारच्या तासाला त्यांनी एका भल्या माणसाला साध्या वळणावरून इतकं झापलं की तो म्हणाला, “सर, उद्यापासून मी चालतच जातो.”

घरी बायकोच्या हे लक्षात आलं. ती डोळ्यांच्या दवाखान्यात फोनवर वेळा द्यायचं काम करायची. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून आलेली, त्यामुळे घरात तक्रार करणाऱ्याला तिच्याकडे फारशी जागा नसे.

“काय होतंय तुम्हाला? आठ दिवस भाजीत मीठ जास्त पडलंय की कमी, काही बोलला नाहीत.”

“काही नाही. दमलोय.”

“दमलेले तर लग्नापासून आहात. हे निराळं दिसतंय.”

मग त्यांनी सांगितलं, तुकड्यातुकड्यांनी. बाई, पेनड्राइव्ह, चमचा, चिमणी. ती कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होती.

“म्हणजे बरं वाजवत होते?”

“बरं नाही. फार चांगलं.” हे म्हणायला त्यांना जड गेलं. “मी गेल्यावर चांगले झाले. मी होतो तोवर नव्हते.”

तिने हातातला शर्ट खाली ठेवला. “अहो, मग ज्यांना विचारायचं त्यांना विचारा ना. इथे मला सांगून काय उपयोग? मला तर बास गिटार आणि साधी गिटार यांतला फरकसुद्धा तुम्ही कधी सांगितला नाहीत.”

ते खरं होतं. सांगितला नव्हता.

पिंप्या याच शहरात होता, आणि मास्तरांना हे कायम माहीत होतं. बाथरूमच्या फरशा विकणाऱ्या एका मोठ्या दुकानात तो कामाला होता. मास्तर आत गेले तेव्हा तो एका जोडप्याला पांढऱ्या रंगाच्या सात तऱ्हा दाखवत होता. नाव पिंप्या, आणि माणूस आता काठी झालेला. दुखऱ्या कंबरेला रुंद पट्टा. मास्तरांना बघून तो दचकला नाही, हसलाही नाही. जोडपं “विचार करून येतो” म्हणत गेल्यावर म्हणाला, “काट्या. म्हातारा झालास रे.”

“तू काय कोवळा राहिलास?”

“माझी कंबर तेवढी म्हातारी झालीय. बाकीचा तिच्यामागून फरफटत जातोय. बस.”

दोघे विकायला ठेवलेल्या कमोडांच्या रांगेसमोर, फरशांच्या खोक्यांवर बसले. मास्तरांनी रेकॉर्डिंगचं सांगितलं. पिंप्याने त्यांतलं एकही ऐकलेलं नव्हतं. कुणी असं काही करत होतं, याचा त्याला पत्ताच नव्हता. मग मास्तरांनी जे विचारायला आले होते ते विचारलं.

“ते चार सूर तुम्ही का काढले?”

“कुठले चार?”

“‘जिना’तले. माझे.”

पिंप्याने डोळे बारीक केले, मग त्याला आठवलं. “हां, ते. अरे, काढले नाहीत. डॉक्टरला जमेनात! आठवडाभर घासलं बिचाऱ्याने. तू वाजवायचास तसं काही केल्या येईना. मग चिमणी म्हणाली, जाऊ दे, सोड ती जागा. पहिल्या कार्यक्रमात मोकळी सोडली तर अंगावर काटा आला. मग मोकळीच ठेवली.” तो थांबला. “तुझ्या आठवणीत वगैरे ठेवली असं समजू नकोस हं. तसलं काही नव्हतं.”

“नाही, तसं नाही वाटलं मला.” पण तशी थोडी आशा वाटली होती, हे मास्तरांना तेव्हा कळलं.

“आणि तुम्ही इतके बदललात ते?”

पिंप्याने खोक्यावर बोटांनी टकटक केली. कंबर सरळ केली. “खरं सांगू? तू होतास तेव्हा आम्ही चुकायला घाबरायचो. मी तर ड्रम वाजवायच्या आधी तुझ्या हाताकडे बघायचो, वर जातोय का म्हणून. तू गेलास आणि दोन दिवस आम्हाला काही सुचेना. रडकुंडीला आलो. तिसऱ्या दिवशी चिमणी चुकली. कुणीच थांबवलं नाही. म्हणून ती पुढे गेली. म्हणून आम्हीही गेलो.” त्याने खांदे उडवले. “पण त्या चुका सुद्धा तू आमच्याकडून एवढं पाठ करून घेतलं होतंस म्हणून जमल्या, असं डॉक्टर म्हणायचा. मला त्यातलं कळत नाही. मी आपला ठोकत होतो.”

मास्तरांना राग येईल असं वाटलं होतं, पण तो आला नाही. बरीच वर्षं धरून ठेवलेलं वजन खाली ठेवलं तर हलकं वाटायला हवं. त्यांना फक्त हात दुखल्याचं जाणवलं.

“चिमणी कुठे असते?”

“दुसऱ्या शहरात. मुलीकडे. गात नाही आता. गळ्याचं ऑपरेशन झालं, बँड त्यामुळेच मोडला. बोलते, पण कागद फाटल्यासारखा आवाज येतो.” पिंप्याने फरशीच्या दरपत्रकाचा कोपरा फाडून त्यावर नंबर लिहिला. “फोन कर. चिडणार नाही. चिडली तर चिडली. तुला काय, सवय आहे.”

त्याच आठवड्यात औषधवाल्या बाईंचा तास होता. गाणं चालू असताना मास्तर समोर बघत म्हणाले, “ती कोरडी कॅसेट. त्यावर बास माझा आहे.”

बाई हसल्या. विनोद असेल असं त्यांना वाटलं. मग त्यांनी मास्तरांकडे पाहिलं, आणि गाडी बंद पडली.

“काटा?” त्या म्हणाल्या. “कव्हरवर नुसतं ‘काटा’ लिहिलं होतं. ते तुम्ही?” मग त्यांना आपण काय काय बोललो ते आठवलं आणि त्या लालबुंद झाल्या. “देवा! आणि मी तुम्हालाच सांगत बसले, इस्त्री केल्यासारखी…”

“बरोबर बोललात. चांगली कडक इस्त्री होती. चला, न्यूट्रल करा.”

पण बाई गाडी सुरू करेनात. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि का ते मास्तरांना समजेना. पुढे अख्खा रस्ता त्या एकही गिअर चुकल्या नाहीत.

चिमणीचा नंबर मास्तरांच्या खिशात बरेच दिवस राहिला. शेवटी एका रविवारी सकाळी बायको इस्त्री करता करता म्हणाली, “तो कागद मी धुण्यातून दोनदा वाचवलाय. आता तिसऱ्यांदा नाही वाचवणार.” तेव्हा कुठे त्यांनी फोन लावला.

पलीकडून “हॅलो” आलं. पिंप्या म्हणाला होता तसंच, कागद फाटल्यासारखं.

“मी काटा बोलतोय.”

मागे कुकरची शिट्टी झाली. मग ती म्हणाली, “अजून जिवंत आहेस?”

“आहे. तू?”

“माझं काय विचारतोस, निम्मी आहे.” ती हसली असावी, पण तो आवाज हसण्यासारखा नव्हता. “बोल. कुणाचं लग्न की कुणी गेलं?”

त्यांनी सांगितलं. एक बाई डब्याच्या पिशवीत रेकॉर्डर लपवून कार्यक्रमांना येत असे. सगळं जपून ठेवलंय. मी ऐकलं सगळं. पाठवू का तुला?

“नको.” ती लगेच म्हणाली. “नको रे. मला नाही ऐकवणार. गळ्याच्या डॉक्टरांनी आता गाणं नाही म्हणून सांगितलं त्या दिवशी मी घरातल्या सगळ्या टेप देऊन टाकल्या. दाढ काढल्यावर जीभ सारखी तिथेच जाते बघ, तसं होतं. नको.”

“बरं. नाही पाठवत.”

आता फोन ठेवावा, असं त्यांना वाटलं. पण ती ठेवत नव्हती.

“चांगलं होतं का पण?” तिने विचारलं. “तू म्हणजे काटा. तू खोटं नाही बोलणार. मला आतून काही कळायचं नाही. मी आपली वाहत जायची. लोक टाळ्या वाजवायचे, पण लोक कशालाही वाजवतात.”

मास्तर उठून खिडकीशी गेले. गुडघा कुरकुरला.

“तो कार्यक्रम आठवतो तुला? मधेच वीज गेली होती तो?”

“कुठला? वीज खूपदा जायची. आठवत नाही. एकदा मला ताप होता तो का?”

“ताप होता की नाही ते माहीत नाही. पण आवाज जड होता. तोच असेल.”

“मला त्यातलं काही आठवत नाही. सांग, काय झालं होतं?”

आणि मास्तरांनी सांगायला सुरुवात केली. दुसऱ्या कडव्याच्या ऐन मध्यावर वीज जाते. गिटार गेली, बास गेला, माइक गेला. लोकांचा ‘अरेरे’ येतो. पिंप्या मात्र थांबत नाही. तो थांबला नाही यावर माझा आधी विश्वासच बसेना, एरवी डास चावला तरी थांबायचा. मग नुसता त्याच्या पायाने वाजवायच्या ड्रमचा ताल उरतो. मग बराच वेळ तू नसतेस. मला वाटलं, संपलं. आणि मग तू येतेस, पण पुढून नाही. लोकांच्या मधून. तू मंचावरून खाली उतरली असणार, कारण आवाज हळूहळू जवळ येतो. माइक नाही, काही नाही. तू गाताना एक पायरी चढायला जेवढा वेळ लागतो तेवढा प्रत्येक शब्दाला देतेस. लोक आधी टाळ्यांनी ताल धरतात, मग तेही बंद करतात, कारण टाळीने तुझा शब्द बुडतोय हे त्यांचं त्यांनाच कळतं. एवढं भरलेलं सभागृह, आणि खुर्ची वाजत नाही. तू त्या रेकॉर्डरच्या अगदी शेजारून जातेस. तिथे तुझा श्वास ऐकू येतो. तिथे एक शब्द तुटतो तुझा.

“कुठला?” चिमणीने विचारलं.

“‘उंबरा’. ‘उं’ येतो आणि ‘बरा’ येत नाही. तू तो पुन्हा नाही घेत. सोडून देतेस.”

“चुकले म्हणजे.”

“नाही.” मास्तर थांबले. योग्य शब्द त्यांना सापडत नव्हता, आणि चुकीचा शब्द त्यांना वापरवेना. “तिथे तेच हवं होतं. मी पुष्कळदा ऐकून बघितलं. पूर्ण शब्द आला असता तर बिघडलं असतं.”

पलीकडे कुकरची पुन्हा शिट्टी झाली. कुणीतरी लहान आवाजात “आजी, बंद करू का?” असं विचारलं, आणि ती “कर” म्हणाली.

“हे तू म्हणतोयस,” ती म्हणाली. त्या फाटक्या आवाजातही काहीतरी हललं. “काट्या, हे तू म्हणतोयस होय रे?”

“हो.”

“बरं.” ती म्हणाली. “शेवट कसा केला आम्ही? वीज आली?”

“नाही आली. तू चौथ्या मजल्यावर पोचतेस आणि शेवटचं, दार उघडायचं कडवं गातच नाहीस. तिथेच थांबतेस. पिंप्याही थांबतो. कुणी टाळी वाजवत नाही, इतका वेळ की मला वाटलं टेप संपली.”

“मग?”

“मग सगळे एकदम.”

चिमणी म्हणाली, जेवायला वाढायचं आहे, नातवंडं खोळंबली आहेत. ठेवते म्हणाली. धन्यवाद वगैरे काही म्हणाली नाही. ते तिला कधीच जमलं नव्हतं. फोन बंद झाला.

मास्तर खिडकीतून वळले. बायकोची इस्त्री उभी करून ठेवलेली होती, तिचा दिवा लाल होता, आणि ती स्वतः हातात उशीचा अभ्रा धरून तशीच उभी होती.

“लग्नाला एवढी वर्षं झाली,” ती म्हणाली, “पण एका दमात इतकं बोलताना मी तुम्हाला ऐकलं नाही.”

ते पलंगावर जाऊन टेकले. पाय लांब केले. दोन्ही गुडघे ठणकत होते, आणि आता घसाही.

“दमलो,” ते म्हणाले.

“बोलून कुणी दमतं का?”

“दमतं.”

तिने इस्त्री बंद केली आणि पलंगाच्या कडेला येऊन बसली. “सरका जरा,” ती म्हणाली. “मला तो फरक सांगा बघू. बास आणि साधी गिटार.”

त्यांनी डोळे मिटले. मग मिटल्या डोळ्यांनीच सांगायला लागले, चार तारांपासून.